एकशेवीस दिवसांचं रॉकेल

आमच्याकडे माळ्यावर पितळेचा एक स्टो आहे. तीन पायांचा, पोटाशी थोडा चेपलेला. आई गेल्यावर गावचं घर आवरताना भावाने तो मोडीच्या ढिगात टाकला होता, मी उचलून परत आणला. ज्यांचं लहानपण १९६० आणि ७० च्या दशकांत गेलं त्यांना या वस्तूबद्दल फार सांगायला नको. पहाटे अंथरुणात असतानाच काकड्याचा वास यायचा, मग पंपाचा आवाज, आणि मग एकदम ती घरघर सुरू व्हायची. घरघर सुरू झाली म्हणजे चहा होणार, एवढं कळायचं. मध्येच ज्योत पिवळी पडून फडफडायला लागली की आई फळीवरच्या डबीतून पिन काढायची. एक टोचणी दिली की ज्योत पुन्हा निळी.

गेल्या हिवाळ्यात मुलीने तो स्टो खाली काढला. तिला मैत्रिणींबरोबर स्पितीला जायचं होतं, तंबूत राहायचं, आपलं आपण शिजवून खायचं. पण बरोबर न्यायला चूल कुठली घ्यावी हे ठरत नव्हतं. दुकानात म्हणे डझनभर प्रकार आहेत. मुठीत मावेल एवढा गॅसचा बर्नर आणि त्याच्याखाली लावायचा गॅसचा डबा. स्पिरिट ओतून पेटवायची नुसती एक वाटी. किंवा पेट्रोल घाला, रॉकेल घाला, काहीही चालेल असा, बाजूला बाटली जोडलेला स्टो. कुठला हलका, कुठला टिकाऊ, कुठला थंडीत दगा देणार नाही? तिने हे मला विचारावं याचंच मला नवल वाटलं. उघड्यावर स्वयंपाक करण्याचा माझा अनुभव म्हणजे कॉलेजात असताना राजगडावर केलेली खिचडी. भर पावसात दीड तास खटपट करून ती अर्धी कच्ची राहिली, आणि रॉकेल सांडल्यामुळे उरलेली अर्धीही कोणी खाल्ली नाही.

पण हा प्रश्न आयुष्यभरासाठी गंभीरपणे घेतलेल्या एका माणसाची गोष्ट मला माहीत होती. तीच मी तिला सांगितली. आज तुम्हालाही सांगतो.

फ्रित्यॉफ नान्सेन हे नाव शाळेच्या भूगोलात एखाद्या ओळीत येऊन गेलेलं असतं. उत्तर ध्रुवाच्या दिशेने गेलेला नॉर्वेचा संशोधक, बस. त्याचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा, क्रिस्तियानिया शहराजवळचा. याच शहराला आता ऑस्लो म्हणतात. वडील वकील. आई त्या काळातसुद्धा बर्फावर स्की चालवणारी. मुलगाही त्यात इतका तरबेज झाला की तरुणपणी त्याने शर्यती जिंकल्या. शिकला मात्र प्राणिशास्त्र. बर्गेनच्या संग्रहालयात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तो खालच्या वर्गातल्या प्राण्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास करत होता, आणि त्या विषयात त्याचं काम पुढेही नावाजलं गेलं. डॉक्टरेटचा प्रबंध त्याने १८८८ साली सादर केला आणि लगेच काही दिवसांत ग्रीनलंडला निघाला.

ग्रीनलंडचा आतला बर्फाचा पठारी प्रदेश तोवर कोणी आरपार ओलांडला नव्हता. लोकवस्ती सगळी पश्चिम किनाऱ्याला. म्हणून आधीचे लोक पश्चिमेकडून आत शिरत आणि जमलं नाही की मागे फिरत. नान्सेनने उलटं केलं. तो निर्मनुष्य पूर्व किनाऱ्यावरून निघाला. मागे फिरावं तर मागे काही नव्हतंच. जेवण, गाव, माणसं, सगळं पुढे. काहींना हा वेडेपणा वाटला. मला स्वतःला त्यात धाडसापेक्षा हिशेब जास्त दिसतो.

सहा माणसं होती. बर्फाच्या लाद्यांवर अडकून दक्षिणेला वाहत जाण्यात आधीच दिवस गेले होते. ऑगस्टच्या मध्याला ते वर चढायला लागले. समुद्रसपाटीपासून २,७०० मीटरपर्यंत चढले, आणि रात्री थंडी शून्याखाली ४० अंश, कधी त्याहूनही खाली. आणि एवढ्या बर्फात त्यांचे हाल कशाने झाले असतील? तहानेने. चारी बाजूंना दिसेल तिथपर्यंत पाणीच, पण गोठलेलं. ते प्यायचं तर वितळवायला हवं, आणि वितळवायला इंधन हवं. त्यांच्याजवळ स्पिरिटवर चालणारी चूल होती आणि स्पिरिट मोजकं. मग प्रत्येकाने पत्र्याच्या चपट्या बाटलीत बर्फ भरून ती कपड्यांच्या आत छातीशी धरायची. अंगाच्या उबेने जे दोन घोट पाणी होईल ते दिवसभराचं. दुसरी चूक खाण्यातली. बरोबर घेतलेल्या वाळवलेल्या मांसातली चरबी काढून टाकलेली होती. थंडीत शरीर चरबी मागतं. माणसं पोट भरूनही भुकेली राहिली.

३ ऑक्टोबर १८८८ रोजी तो पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉटहोब गावात पोहोचला. शेवटचा टप्पा तंबूचं कापड आणि झुडपांच्या काठ्या यांची होडी करून पार केला. युरोपला जाणारं शेवटचं जहाज निघून गेलं होतं. हिवाळा तिथेच काढावा लागला, तेव्हा तो तिथल्या एस्किमो लोकांमध्ये राहिला, त्यांची होडी चालवायला, त्यांच्यासारखी शिकार करायला शिकला. परत आल्यावर मिरवणुका निघाल्या. पण मला आवडतं ते हे, की मिरवणुकीतून घरी आल्यावर त्याने आपल्या दोन चुका पक्क्या लक्षात ठेवल्या. लग्नकार्य पार पडल्यावर कुठला पदार्थ कमी पडला हे घरातली कर्ती बाई जशी वर्षानुवर्षं विसरत नाही, तसं.

पुढची मोहीम त्याहून विचित्र. जेनेट नावाचं अमेरिकन जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं होतं, आणि त्याचे अवशेष १८८४ मध्ये थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडले. नान्सेनने यावरून ताडलं, की बर्फच त्या बाजूकडून या बाजूकडे वाहत असला पाहिजे. मग बर्फाशी झगडायचं कशाला? एक असं जहाज बांधायचं की बर्फाचा दाब आला तर चिरडलं न जाता वर उचललं जाईल. ते मुद्दाम बर्फात अडकू द्यायचं आणि स्वस्थ बसून ध्रुवापाशी वाहत जायचं. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत त्याने ही योजना मांडली तेव्हा ध्रुवीय प्रवासात केस पिकवलेल्या बहुतेक मंडळींनी ती मोडीत काढली. अमेरिकेतून ग्रीलीनेही, ज्याच्या स्वतःच्या मोहिमेत बहुतेक माणसं उपासमारीने मेली होती त्याने, हा आत्मघात आहे अशा अर्थाचं लिहिलं. मी बँकेत तीसेक वर्षं कर्जाचे प्रस्ताव तपासले. टेबलाच्या अलीकडे बसलेल्या अनुभवी माणसांना नवीन प्रस्तावात आधी धोकाच दिसतो, आणि दहांतल्या नऊ वेळा त्यांचं बरोबर असतं. दहावा प्रस्ताव आपण ओळखला असता का, हे मला अजून सांगता येत नाही. नॉर्वेच्या संसदेने मात्र पैसे दिले. कॉलिन आर्चरने गोल बुडाचं भक्कम लाकडी जहाज बांधलं. नाव फ्राम, म्हणजे पुढे.

आता स्टोकडे येतो.

१८९२ साली स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने एक बिनवातीची, काजळी न धरणारी शेगडी तयार केली. तिचं नाव प्रायमस. आपल्याकडे पुढे स्वयंपाकघरोघरी भणभणत राहिलेला स्टो तो हाच, त्याच घराण्यातला. आमच्या आजोळी तर कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला प्रायमसच म्हणत. वातीच्या शेगडीत रॉकेल पुरतं जळत नाही, म्हणून धूर आणि काजळी. प्रायमसमध्ये टाकीत हवा भरायची, त्या दाबाने रॉकेल वर चढतं, आधीच तापवलेल्या नळीतून जाताना त्याची वाफ होते, ती वाफ बारीक भोकातून जोराने बाहेर पडते, हवेत मिसळते आणि निळ्या ज्योतीने जळते. म्हणून आधी काकडा पेटवायचा. म्हणून ते भोक बुजलं की पिन. आपल्या आया हे सगळं कुठलंही पुस्तक न वाचता जाणत होत्या.

फ्रामची तयारी चालली होती तेव्हा हा स्टो अगदी नवा होता. नवी वस्तू, तीही जिच्यावर जीव अवलंबून, ती घ्यावी का? नान्सेनने हिशेब मांडला. स्पिरिट पेटायला सोपं, बिनतक्रार जळतं, आधीचे सगळे तेच नेत. पण एक किलो स्पिरिटपेक्षा एक किलो रॉकेल जवळजवळ दीडपट उष्णता देतं. अट एकच, की ते पुरतं जळलं पाहिजे. प्रायमस नेमकं तेच करत होता. थंडीत रॉकेल गोठलं तर काय, ही धास्ती त्याला होती. त्याऐवजी दुसरं एक तेल न्यावं असाही विचार त्याने केला. पण ते उडून जाणारं आणि चटकन भडकणारं, म्हणून सोडून दिला.

नुसता स्टो चांगला असून भागत नाही. आपल्या घरीही पातेल्याच्या बाजूने निम्मी आच वाया जाते. नान्सेनने भांडीच अशी करून घेतली की आच सुटू नये. मधोमध, ज्योतीवर, शिजवायचं भांडं. त्याच्याभोवती कड्यासारखं दुसरं भांडं, त्यात बर्फ. वर आणखी एक पसरट भांडं, त्यातही बर्फ. आणि या सगळ्यावर बाहेरून एक टोपी. आच आधी मधल्या भांड्याला लागायची, मग बाजूने वर चढताना भोवतालचा बर्फ वितळवायची, मग वरच्या भांड्याखालून फिरायची. मध्ये रस्सा उकळेपर्यंत बाजूला प्यायचं पाणी तयार. बर्फ वितळवायला किती आच लागते याची आपल्याला कल्पना नसते. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करण्यात जेवढी उष्णता खर्च होते तेवढीत ते पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापलं असतं. ग्रीनलंडमधल्या त्या चपट्या बाटल्यांचं उत्तर या तीन भांड्यांत होतं. प्राध्यापक टोरुप यांच्या प्रयोगशाळेत या चुलीच्या चाचण्या झाल्या. रॉकेलमधून निघू शकणाऱ्या उष्णतेपैकी ९० ते ९३ टक्के उष्णता कामी येते असं दिसलं. भांडी, झाकणं, दोन पेले, दोन चमचे आणि एक पळी मिळून वजन सुमारे चार किलो. पुढे ध्रुवांकडे जाणारे बहुतेक सगळे ही नान्सेनची चूल नेऊ लागले.

२४ जून १८९३ रोजी तेरा माणसं घेऊन फ्राम निघालं. त्या सप्टेंबरात बर्फात अडकलं, दाब आला तसं वर उचललं गेलं आणि वाहू लागलं. योजना बरोबर होती. फक्त ते ध्रुवावरून जाणार नाही हे दीडेक वर्षात स्पष्ट झालं. मग नान्सेनने ठरवलं, की आपण एका सोबत्याला घेऊन बर्फावरून चालत जायचं. परत येताना वाहतं जहाज सापडणं अशक्य होतं. म्हणजे पुन्हा तेच, मागे काही नाही. जहाज त्याने ओटो स्वेर्ड्रुपच्या हवाली केलं. सोबती निवडला यालमार योहान्सेन. हा सैन्यातला लेफ्टनंट, पण फ्रामवर दुसरी जागा नव्हती म्हणून बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्याची नोकरी पत्करून आला होता.

१४ मार्च १८९५ रोजी ते दोघं २८ कुत्रे, तीन घसरगाड्या आणि दोन होड्या घेऊन निघाले. माणसांसाठी शंभर दिवसांचं अन्न, कुत्र्यांसाठी तीस दिवसांचं. नंतर एकेक कुत्रा मारून इतरांना घालायचा, हेही आधीच ठरलेलं. त्यावर बोलणं अवघड आहे. त्या दोघांनाही ते सोपं गेलं नाही. रॉकेल होतं अठरा-वीस लिटर. आमच्या घरी रेशनवर महिन्याला जेवढं मिळे त्याच्याहून थोडं जास्त.

दिवसभर चालून घामाने भिजलेले कपडे गोठून चिलखतासारखे होत. योहान्सेन कुत्र्यांना घाली, नान्सेन तंबू उभारी, भांड्यांत बर्फ भरी आणि स्टो पेटवी. मग दोघं एकाच झोपायच्या पिशवीत शिरून, दात वाजवत, शिजण्याची वाट पाहत पडत. वाळवलेलं मांस आणि वाळवलेले बटाटे यांचा रस्सा, किंवा माशाचं पीठ आणि लोण्याचं पिठलं म्हणता येईल असं काही, किंवा मसुरीचं सूप. कित्येकदा अन्न तयार होईपर्यंत डोळा लागे. कधी चमचा तोंडाशी नेतानेताच झोप येई. शेवटी एक पेला ऊन पाणी, त्यात दूध फाडून उरणाऱ्या पाण्याची पूड कालवलेली. दिवसभरातली सुखाची गोष्ट एवढीच. तेवढ्यासाठीच नान्सेनने प्रयोगशाळेचे उंबरे झिजवले होते.

८ एप्रिलला ते ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोहोचले. तोवर माणूस उत्तरेला एवढा गेला नव्हता. पुढे बर्फाच्या उंचवट्यांशिवाय काही दिसेना. शिवाय वाहणारा बर्फ त्यांना उलट मागे नेत होता. त्याने मागे फिरायचा निर्णय घेतला. मला तो निर्णय विक्रमाहून मोठा वाटतो. ध्रुव चार अंशांवर असताना अन्नाचा आणि रॉकेलचा आकडा बघून वळणं सोपं नसतं. त्यानंतर काही दिवसांतच किल्ली द्यायची राहून दोघांचीही घड्याळं बंद पडली, आणि आपण नक्की कुठे आहोत हेच कळेनासं झालं. तीन महिने ते अंदाजाने चालत राहिले.

ते अठरा-वीस लिटर रॉकेल एकशेवीस दिवस पुरलं. रोज दोन वेळचं गरम अन्न आणि पोटभर पाणी, एवढं करून. पुढे सीलची, अस्वलाची चरबी जाळायची वेळ आली तेव्हा या दोघांनाही स्टोचं मोल कळलं. एकदा सीलच्या रक्ताच्या धिरड्यांचा बेत चालला असताना चरबीचा दिवा भडकला, विझवायला बर्फ टाकला तर स्फोटच झाला आणि तंबूला भोक पडलं. भडका हा शब्द आला की आपल्याला वेगळंच आठवतं. एके काळी वर्तमानपत्रांत स्टोचा भडका उडून सून दगावल्याच्या बातम्या यायच्या, आणि त्यांतल्या कितीतरी भडक्यांत स्टोचा काही दोष नसायचा. असो.

ऑगस्टात ते फ्रांझ योसेफ लँड या बेटसमूहाला लागले, पण हिवाळा आला होता. मग दगड रचून, वर वॉलरसची कातडी टाकून त्यांनी दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी एक खोपटी केली. तिच्यात सुमारे आठ महिने काढले. पत्र्याचे कोपरे दुमडून पणत्या केल्या, त्यांत चरबी, आणि औषधाच्या पेटीतल्या पट्ट्यांच्या वाती. सकाळी अस्वलाच्या मांसाचं सार, रात्री तेच मांस तळून. दुसरं काहीच नाही. बाहेर निघाले तेव्हा नान्सेनचं वजन दहा किलोंनी आणि योहान्सेनचं सहा किलोंनी वाढलं होतं. ग्रीनलंडातली चरबीची चूकही अशी फिटली. सगळ्यांत गंमत पुढेच. इतके महिने एका पिशवीत पाठीला पाठ लावून झोपणारी ही दोन माणसं एकमेकांना अहो-जाहो करत होती. १८९५ सालच्या शेवटच्या रात्री नान्सेनने सुचवलं की आता अरे-तुरे करायला हरकत नाही. आपल्याकडच्या जुन्या नवरा-बायकोंनाही यात नवल वाटणार नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. जून १८९६ मध्ये केप फ्लोराजवळ त्यांना फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज संशोधक अचानक भेटला. १३ ऑगस्टला ते नॉर्वेत उतरले. आठवडाभरात फ्रामही सगळी माणसं धडधाकट घेऊन परत आलं. तेरांतला एकही गेला नाही.

त्यातल्या योहान्सेनचं मात्र पुढे बरं झालं नाही. घरी त्याला जम बसवता आला नाही. आमुंडसेनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत तो गेला, नेत्याशी वाद झाला, ध्रुवाकडे जाणाऱ्या तुकडीतून त्याला वगळलं गेलं. जानेवारी १९१३ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच दक्षिण ध्रुवावरून परतताना मार्च १९१२ मध्ये स्कॉट आणि त्याचे सोबती अन्नाच्या साठ्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर तंबूत मेले. वाटेतल्या साठ्यांवर त्यांना रॉकेलचे डबे अपुरे भरलेले सापडले होते. डब्यांच्या झाकणांचे चामड्याचे वायसर थंडीत दगा देत. आमुंडसेनने आपले डबे झाळून घेतले होते. वायसर म्हणजे दोन पैशांची वस्तू. स्टो दुरुस्त करणारा खांद्यावर पिशवी घेऊन गल्लीत यायचा आणि आई त्याला पहिल्यांदा वायसर बघायला सांगायची.

नान्सेनच्या पुढच्या आयुष्यातली राजकारणाची वर्षं मी घाईने ओलांडतो. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्यात त्याचा वाटा होता. लंडनला तो वकील म्हणून राहिला. १९०७ च्या डिसेंबरात बायको एव्हा गेली. ती गायिका होती. १९१३ मध्ये एक लहान मुलगा गेला. पन्नाशी उलटलेल्या या माणसाकडे १९२० मध्ये राष्ट्रसंघाने काम दिलं, पहिल्या महायुद्धातले कैदी घरी पोहोचवण्याचं. दोन वर्षांत त्याने सव्वाचार लाखांहून अधिक माणसं आपापल्या देशांत पोहोचवली. पैसा जवळजवळ नव्हताच. असलेल्या पैशात किती माणसं किती मैल जातील, हा हिशेब होता. तो त्याला येत होता.

मग १९२१ साली व्होल्गा नदीच्या खोऱ्यात दुष्काळ पडला. युद्ध, क्रांती, धान्याची सक्तीची वसुली आणि त्यात पावसाने दिलेला दगा. दोन-तीन कोटी माणसं संकटात होती. शेवटी मेली ती अंदाजे पन्नास लाख. आपल्याकडे १९७२ मध्ये सुकडी आणि मिलोवर दिवस काढलेल्यांना दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. पण व्होल्गाकाठी सुकडीही नव्हती. रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी नान्सेनला मदतीच्या कामावर नेमलं. सप्टेंबर १९२१ मध्ये तो जिनेव्हाला राष्ट्रसंघापुढे उभा राहिला आणि सरकारांकडे कर्ज मागितलं.

त्या भाषणात त्याने मांडलेली आकडेमोड मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला चाचणीच्या टेबलावरची ती तीन भांडी आठवतात. कॅनडात त्या वर्षी भरपूर पीक आलं होतं. अमेरिकेत शेतकऱ्यांच्या कोठारांत धान्य कुजत होतं. अर्जेंटिनात मक्याला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून आगगाडीच्या इंजिनात कोळशाऐवजी मका जाळत होते. जहाजं बंदरांत रिकामी उभी होती. एकीकडे मका इंधन म्हणून जळतो आहे, दुसरीकडे माणसं गवत आणि माती खात आहेत, मध्ये फक्त वाहतूक. वीस लिटर रॉकेलमधली ९३ टक्के उष्णता वाया न घालवणाऱ्या माणसाला हे कसं दिसलं असेल? पण सरकारांनी नकार दिला. धान्य दिलं तर सोव्हिएत सत्तेचे हात बळकट होतील, ही भीती. त्यापेक्षा माणसं मेलेली परवडली, अशा अर्थाचंही तिथे बोललं गेलं. नकार देणाऱ्यांची कारणं कागदावर व्यवस्थित असणार. मीही असे कागद लिहिले आहेत, अर्थात फार लहान रकमांचे.

नान्सेन त्यानंतर स्वतः व्होल्गाकाठी गेला. उपाशी मुलांचे फोटो घेऊन आला आणि युरोप-अमेरिकेत गावोगाव ते पडद्यावर दाखवत पैसे गोळा करत फिरला. मोठं काम हूवरच्या अमेरिकन संस्थेने केलं, हे नोंदवलं पाहिजे. नान्सेनच्या लोकांनीही स्वयंपाकघरं चालवली, लाखोंना जेवू घातलं. पन्नास लाख तरीही गेले.

१९२२ मध्ये शांततेचं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं. ते पैसेही मदतीच्या कामात गेले. त्याच वर्षी त्याने देश हरवलेल्या माणसांसाठी एक ओळखपत्र सुरू केलं, ज्याला नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले. पन्नासहून अधिक सरकारांनी तो मानला. रॅचमॅनिनॉफ, स्ट्राविन्स्की, शगाल अशांच्या खिशात तो होता, आणि ज्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत अशा लाखोंच्या खिशातही.

१३ मे १९३० रोजी तो आपल्या घरी गेला. १७ मे, नॉर्वेच्या राष्ट्रीय सणाचा दिवस, त्या दिवशी अंत्ययात्रा निघाली. घराच्या आवारातल्या झाडाखाली त्याची रक्षा पुरली आहे.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात उत्तरेकडच्या एका ओसाड बेटावर शिकारी जहाजाच्या लोकांना एक जुना तळ सापडला. १८९७ मध्ये फुग्यात बसून ध्रुवाकडे निघालेला स्वीडनचा आंद्रे आणि त्याचे दोन सोबती तिथे मेले होते. तेहेतीस वर्षं ते बर्फाखाली होते. त्यांच्याजवळ प्रायमस होता. टाकीत रॉकेल होतं, पंप मारून पाहिला तर तो चालत होता. अन्नही शिल्लक होतं. ते कशाने मेले यावर अजून वाद आहेत.

मुलीने हे सगळं ऐकून घेतलं. गॅसचे डबे विमानात नेऊ देत नाहीत आणि साध्या डब्यातला ब्यूटेन गोठणबिंदूच्या आसपास वाफ व्हायचं थांबतो, हे तिने आधीच काढून ठेवलं होतं. माझ्याकडून तिला फक्त दुजोरा हवा होता. तिने बाटली जोडलेला रॉकेलचा स्टो घेतला. खोक्यात एक बारीक पिन आणि एक जादा वायसर होता, तो तिने मला काढून दाखवला.

ती गेल्यावर मी माळ्यावरचा स्टो टेबलावर घेतला. पंप खोलला. वायसर वाळून कडक झाला होता. त्यावर दोन थेंब गोडेतेल सोडलं, बोटाने चोळलं आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पंप मारून पाहिला. पहिले चार-पाच दाब पोकळ गेले, आणि मग हाताला हवा लागली.